घरबसल्या गेलेली नोकरी



गणपतीच्या मांडवात नोकरी जाण्याचा विषय काहींना अशुभ वाटेल. पण बाप्पा विघ्नहर्ता आहे. त्याच्यापुढे विघ्नाचं नाव घ्यायला संकोच कसला?

नोकरी जाणं आपल्याला नवं नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. 2008 च्या मंदीत आपल्या सुरतेतल्या हिऱ्याच्या घंट्या थांबल्या. हाल फार झाले, पण ते साऱ्या चाळीला, साऱ्या गल्लीला ठाऊक होते. कुणाला लपवावं लागलं नाही.

घरून करायच्या नोकरीचं तसं नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर आपली मुलं-मुली इच्छापोरमध्ये बसून बंगळुरूच्या, परदेशच्या कंपन्यांची कामं करू लागली. पोरगा घरचं जेवतो, यात आईवडील खूश. मग वारं फिरलं. बायजूज कंपनीने ऑक्टोबर 2022 मध्ये सुमारे 2500 माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. जानेवारी 2023 मध्ये गूगलने जगभरातून 12,000 माणसं कमी करत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून टीसीएसने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. ज्यांचा संसार गावातच बसला होता, त्यांची पंचाईत झाली.

माझ्या परिचयाच्या एका घरात मुलाची नोकरी गेल्याचं वडिलांना कळलं ते कंपनीचा लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला दारात आला तेव्हा. त्याआधी पाच आठवडे तो मुलगा रोज वेळेवर अंघोळ करून, दार लोटून, कानाला हेडफोन लावून त्याच टेबलापाशी बसत होता. लॅपटॉप कंपनीने पहिल्याच दिवशी बंद केला होता. त्याला खोटारडा म्हणू नका. त्याच्याकडे कारखान्याचं गेट नव्हतं, युनियन नव्हती, शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी नव्हता. होती ती एक खोली.

मला सांगायचं आहे ते एवढंच. अशी नोकरी जाते तेव्हा पगार जातोच, पण आणखी एक गोष्ट उघडी पडते. चार वर्षं उत्तम काम करूनही आपल्या गावात आपलं काम कुणालाच माहीत नसतं. म्हणून पुन्हा उभं राहण्याची सुरुवात माणसांच्या ओळखीपासून करावी. गुजराती माणूस म्हणतोच, ‘ओळखाण ए सौथी मोटी खाण.’

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवा. त्याही घरूनच काम करत. प्रत्येक जण आपापल्या चुलीपाशी एकटी, सावकाराच्या व्याजाखाली दबलेली. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकमेकींच्या भरवशावर त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. कामाची जागा घरच राहिली, एकटेपण मात्र गेलं.

आता थोडं कागदांबद्दल, कारण सरकारी माणसाचा दिवस कागदांतच जातो. लॅपटॉप परत देण्याआधी पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्र स्वतःकडे घ्या. कंपनीचा ईमेल एकदा बंद झाला की काही हाती लागत नाही. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र लेखी मागा. पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख चढली का, ते पाहा. अगदी अडल्याशिवाय पीएफ काढू नका. सलग पाच वर्षं भरण्याआधी काढला तर साधारणपणे कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी मोजली जाते. नवीन नोकरीत खातं पुढे नेता येतं. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईवडिलांची पॉलिसी नोकरी असतानाच वेगळी काढलेली बरी. जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

काम कुठे शोधायचं? मोबाइलवरून शेकडो अर्ज टाकणं चालू ठेवा, पण खिडकीबाहेरही बघा. कवासचं वीज केंद्र, हजिऱ्याचे खत आणि पोलादाचे कारखाने, इच्छापोरचा जेम्स अँड ज्वेलरी पार्क, रिंग रोडची कापड मार्केटं, हे सारं आपल्या शहरात आहे. मोठ्या कारखान्यात थेट भरती कमी असते. पण त्यांच्या भोवतीचे ठेकेदार, माल पुरवणारे, ट्रान्सपोर्टवाले यांना हिशेब, जीएसटी, स्टॉक आणि परदेशी पत्रव्यवहार सांभाळणारी माणसं लागतात. ज्याने परदेशी ग्राहकांच्या तक्रारी इंग्रजीतून निस्तरल्या, त्याला निर्यातीची कागदपत्रं का जमणार नाहीत?

त्या मुलाला काम मिळालं ते असंच, आपल्याच एका ज्येष्ठ सभासदाच्या शब्दावर, एका लहान कारखान्यात. पगार आधीच्यापेक्षा बराच कमी आहे आणि तो त्याला खुपतो. संध्याकाळी तो पुढचं शिकतो, अर्जही करतो. पण दुपारचा डबा तो आता चार माणसांत खातो.

घरच्यांना हात जोडून एक विनंती. नोकरी गेली म्हटल्यावर दुसऱ्याच वाक्यात ‘सरकारी परीक्षा दे’ म्हणू नका. सरकारी नोकरीत असलेला मीच हे सांगतो. जागा थोड्या, उमेदवार अमाप, आणि वाट पाहण्यात वयाची चांगली वर्षं निघून जातात. आधी विचारा, ‘घरखर्चाला किती महिने पुरेल? आपण मिळून बघू.’

आणि मंडळाकडे एक मागणी. वर्गणीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. कोण कुठे काम करतं, कुणाला काय येतं, कुणाकडे माणूस हवा आहे, एवढंच तिच्यात लिहा. महिन्यातून एका रविवारी दोन ज्येष्ठांनी ती वही घेऊन बसावं. जो काम शोधतो आहे, त्याने तिथे मान वर करून यावं. मांडवाचा खर्च आपण वाटून घेतो, तशी ही काळजीही वाटून घेऊ.

गणपती बाप्पा मोरया!