लाह्या, गणंग आणि कर्बाचे कण

नागपंचमीला आपल्याकडे ज्वारीच्या लाह्या होतात. ज्वारी ओलवायची, मुरू द्यायची आणि चांगल्या तापलेल्या कढईत टाकायची. आच मंद असेल तर दाणे नुसते भाजतात, गणंग तेवढे उरतात. ज्वारी तीच, कढई तीच. फरक पडला तो आचेने. कर्बाच्या सूक्ष्म कणांचीही गोष्ट अशीच आहे.

पेन्सिलीच्या शिशात शिसे नसते, ग्राफाइट आणि माती असते. ग्राफाइट म्हणजे कर्बाच्या पापुद्र्यांची चळत. दोन पापुद्र्यांतले अंतर अवघे ०.३३५ नॅनोमीटर; आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग! ग्राफाइट तीव्र गंधकाम्ल व नत्राम्लात मुरवले, की आम्ल या फटींत शिरते. मग ते धुऊन, वाळवून सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत एकदम टाकतात. आतल्या आम्लाचा वायू होतो, त्याला निसटायला सवड मिळत नाही, पापुद्रे फाकतात आणि कण शंभर पटींहूनही अधिक फुगतो. ही झाली ग्राफाइटची लाही. सावकाश तापवले, तर वायू कडेने निघून जातो. फार बारीक चुरा घेतला, तरी तेच होते. कारण कड जवळच असते.

ही लाही द्रवात घालून तीत माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या, की सूक्ष्म पापुद्रे सुटतात. थोडाच वेळ सोडल्या तर जाड गठ्ठे राहतात; फार वेळ सोडल्या तर पापुद्रे पातळ होतात, पण त्यांचे तुकडेही पडतात. वीजवाहक शाईला रुंद पापुद्रे हवेत, कारण ते एकमेकांना टेकून विजेला वाट देतात.

माझा एक विद्यार्थी आधीच्या मुलाची वही पाहून हाच प्रयोग करीत होता. तीन आठवडे गेले, लाही काही फुलेना. वहीत ‘ग्राफाइट तापवले’ एवढेच लिहिलेले! किती आच, किती वेळ, कण केवढा, याचा पत्ताच नाही. पोराने स्वतःला दोष दिला. चूक मात्र वहीची होती.

शिक्षकबंधू-भगिनींनो, हा आम्लाचा प्रयोग शाळेत मुळीच करू नका. लाह्यांचा करा, आणि मुलांना आच व वेळ वहीत टिपायला लावा. आणि शेतकरी मित्रांनो, ‘नॅनो’ नावाचा माल कोणी पुढे केला, तर कण केवढा आणि तो केला कसा, हे आधी विचारा. नुसत्या नावाने लाही फुलत नाही.