तटाच्या आंतील भाकरी
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं गतकाळचें वैभव सांगण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज आपणांस दूर चीन देशांतील एका तटाच्या आंत नेणार आहें.

शांतुंग प्रांतांत वेइशिएन येथें एका मिशनचें जुनें आवार होतें. मार्च १९४३ पासून जपानी अंमलदारांनीं तेथें शत्रुराष्ट्रांचे सुमारें दीड हजार नागरिक डांबून ठेविले. त्यांत व्यापारी, प्राध्यापक, धर्मगुरु, व्रतस्थ भगिनी व शेंकडों मुलें होतीं. रोज हजेरी, रोज जेवणाची रांग. कालचा पेढीवाला आज भट्टीपुढें कणीक तिंबी. शौचकूप साफ करण्याचें काम प्रथम धर्मगुरु व भगिनींनीं अंगावर घेतलें. मुलें कोळशाच्या भुकटींत माती कालवून गोळे वळीत. त्यांवरच हिवाळा काढावयाचा.

मुलांच्या पोषणास अन्न अपुरें पडूं लागलें. तेव्हां पॅट्रिक स्कॅनलन नांवाचे ट्रॅपिस्ट धर्मगुरु तटापलीकडील चिनी शेतकऱ्यांकडून गुप्तपणें अंडीं घेऊं लागले. पहारेकरी आला कीं अंडीं झग्याखालीं दडवून ते प्रार्थनापुस्तक वाचीत बसत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंड्यांच्या टरफलांचीहि पूड करून मुलांस चमच्यानें देत. पुढें स्कॅनलन पकडले गेले व त्यांस एकांतवासाची शिक्षा झाली. मौन हाच ज्यांच्या मठाचा नियम, त्यांस ही शिक्षा! सारी छावणी खदखदून हंसली. ऑगस्ट १९४३ मध्यें बहुतेक धर्मगुरु व भगिनींस पेकिंगला हलविण्यांत आलें.

नंतर जानेवारी १९४५ मध्यें अमेरिकन रेड क्रॉसच्या पंधराशेंहून अधिक खाद्यपेट्या आल्या. प्रत्येकास एक देऊनहि कांहीं उरल्या असत्या. परंतु थोड्या अमेरिकनांनीं त्या सर्वांवर आपलाच हक्क सांगितला. भुकेलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पेट्या कित्येक दिवस पडून राहिल्या, आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याशीं वैर धरलें. अखेर प्रत्येकास एकेक पेटी मिळाली, ती जपानी अंमलदारांच्या हुकुमानें. सात महिन्यांनीं, १७ ऑगस्ट १९४५ रोजीं, सुटका झाली.

बंधुजनहो, वीतभर जागेचे तंटे त्या छावणींत पूर्वींहि होत. परंतु लोकांचीं मनें खरीं दुभंगलीं तीं घरीं अन्न आलें त्या दिवशीं. मला या गोष्टीचें भय वाटतें, कारण आपल्याहि घरांत आज पूर्वजांपेक्षां अधिक आहे. त्यांनीं हें मंदिर उभारलें तें अर्ध्या भाकरींतील तुकडा काढून.

थोड्या वेळानें अंगणांत पंक्ति बसेल. आपलें पान वाढण्यापूर्वीं शेजारचें पान रिकामें नाहीं ना, एवढें प्रत्येकानें पाहावें. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.