नामफलकावरची नावे आणि हिशेबाच्या वह्या



एखादी पतपेढी, शिक्षणसंस्था किंवा नियतकालिक सुरू करावयाचे ठरले की आपल्याकडे पहिली बैठक कार्यापेक्षा सल्लागार मंडळाच्या यादीवरच अधिक रंगते. एक निवृत्त प्राचार्य, एक संपादक, एक उद्योजक, जमल्यास एखादा शास्त्रज्ञ अशी नावे ठरतात, ती पत्रिकेवर छापली जातात आणि त्या नावांकडे पाहून लोक विश्वास टाकतात. या विश्वासाच्या मोबदल्यात त्या मान्यवरांनी लोकांना काय द्यावयाचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. पेण आणि रोहा या गावांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

2010 च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचा पैसा अडकला. बनावट कर्जखात्यांच्या द्वारे कोट्यवधी रुपये वळविले गेल्याचा ठपका तपासयंत्रणांनी ठेवला. हा पैसा कोणा सावकाराचा नव्हता. तो गणेशमूर्ती घडविणाऱ्या कारागिरांचा, शेतकऱ्यांचा, निवृत्त शिक्षकांचा होता. त्या वेळी ठेवीवरील विम्याची मर्यादा अवघी एक लाख रुपये होती. ती पाच लाखांवर गेली 2020 साली. सभासद होते, संचालक होते, लेखापरीक्षण होते आणि सहकार खाते व रिझर्व्ह बँक असे दुहेरी नियंत्रणही होते. नव्हता तो वेळीच उभा राहून ‘वही दाखवा’ म्हणणारा माणूस.

असा माणूस कसा असतो, हे याच जिल्ह्याने देशाला दाखविले आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 साली महाड तालुक्यातील नाते गावी झाला आणि त्यांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांनी 1943 ते 1949 या काळात काम केले. 1944 च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. पुढे ते अर्थमंत्री झाले आणि 1952 साली याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. 1956 च्या जुलैत त्यांनी मंत्रिपद सोडले. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, हा त्यांचा आक्षेप होता. मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, याचेही शल्य होते. महत्त्वाचे हे की ते ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ गेले नाहीत. कारणे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असतानाही, 1959 साली, भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे असे त्यांनी जाहीरपणे मांडले. सरकारला ते रुचले नाही.

दुसरे उदाहरण प्राध्यापक धनंजयराव गाडगीळांचे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा संचालक विठ्ठलराव विखे पाटलांच्या हाकेला ओ देऊन लोणीच्या माळावर गेला आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. मालकी ऊस उत्पादकांची राहिली. विद्वानाने दिली ती हिशेबाची शिस्त, आणि अध्यक्षपदाबरोबर येणारी जबाबदारीही त्याने अंगावर घेतली. तज्ज्ञ आले की लोकशाही दबते, असा आक्षेप सहकारात नेहमी घेतला जातो. प्रवरेचा अनुभव त्याला उत्तर आहे: तज्ज्ञ जर सभासदांना उत्तरदायी असेल, तर तो लोकशाहीला बळच देतो.

आपल्याकडे आफ्रिकेचे नाव निघाले की दुष्काळ आणि यादवी एवढेच आठवते. वस्तुत: सल्लागाराचा धर्म काय, हे त्या खंडाकडूनही शिकण्यासारखे आहे. टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. 1985 साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले. 1987 साली स्थापन झालेल्या दक्षिण आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि आपले डॉ. मनमोहन सिंग त्याचे सरचिटणीस. 1990 च्या त्यांच्या अहवालाने श्रीमंत राष्ट्रांना खडसावले, तसेच गरीब देशांच्या राज्यकर्त्यांनाही त्यांचे दोष दाखविले. मोझांबिकच्या ग्रासा माशेल या 1975 पासून चौदा वर्षे शिक्षणमंत्री होत्या. युद्धाचे मुलांवर होणारे परिणाम अभ्यासण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने 1994 साली त्यांना तज्ज्ञ म्हणून नेमले. 1996 च्या अहवालात त्यांनी नेमणूक करणाऱ्या संघटनेलाही सोडले नाही. शांतिसैन्य आल्यावर काही देशांत बालवेश्याव्यवसाय वाढला, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. या अहवालानंतर संघाला या प्रश्नासाठी विशेष प्रतिनिधीचे पद निर्माण करावे लागले. नेमणूक करणाऱ्याची भीड न बाळगता त्याच्याच तोंडावर सत्य सांगणे, याला सल्ला म्हणतात.

कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. 2019 च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने शंभर कोटी व त्याहून अधिक ठेवी असणाऱ्या नागरी सहकारी बँकांना व्यवस्थापन मंडळ नेमण्यास सांगितले. बँकिंग आणि हिशेब जाणणारी माणसे संचालकांच्या जोडीला असावीत, हा हेतू. हेतू योग्यच आहे. परंतु ज्या संचालकांवर नजर ठेवावयाची, तेच हे मंडळ नेमणार असतील, तर जाणकारही मिंधा होऊ शकतो.

यावर सल्लागार म्हणतील, ‘आम्ही मानधन घेत नाही, मग जोखीम का घ्यावी?’ प्रश्न गैर नाही. परंतु ज्याच्या नावावर लोक आयुष्यभराची पुंजी ठेवतात, त्याने मानधन घेतले नसले तरी लोकांचा विश्वास घेतलेला असतो. तेव्हा संस्थांनी तीन साध्या गोष्टी आपल्या नियमांत लिहाव्यात. सल्लागाराचा सल्ला लेखी असावा आणि तो वार्षिक सभेत वाचला जावा. लेखापरीक्षणाचा अहवाल त्याला मागता यावा आणि नाकारल्यास ते सभासदांना कळावे. त्याने राजीनामा दिला, तर कारणांसह तो सभेपुढे यावा. आणि मंडळात एक तरी जागा सामान्य ठेवीदारासाठी असावी. कारण पैसा बुडाला की कोणाची चूल विझते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

रोह्याच्या महाविद्यालयाला चिंतामणरावांचे नाव आहे. ते नाव केवळ फाटकावर राहावयाचे की पुढच्या वार्षिक सभेत हात वर करून हिशेब मागणाऱ्या सभासदाच्या वाणीत उतरावयाचे, हे आता आपल्यालाच ठरवावयाचे आहे.