परदेशी सून आणि आपला कायदा



परमवीरचक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांनीं केला, हें आपण जाणतांच. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या, हंगेरियन पित्याच्या व रशियन मातेच्या या कन्येनें 1932 सालीं विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशीं विवाह केला. ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ती ब्रिटिश प्रजाच, असें त्या काळचा कायदा मानी. मंगलाष्टकें संपलीं कीं प्रश्न मिटला! 1955 च्या नागरिकत्व कायद्यानें ही वाट ठेवली नाहीं. आज परदेशी वधू माप ओलांडून घरांत आली तरी सरकारदरबारीं ती परकीयच असते. परदेशी जावयासहि हाच नियम.

आमच्या पनवेलींतलीं मुलें आतां देशोदेशीं नोकरीस जातात आणि कोणी तिकडील वधू घेऊन परततात. घरांत दागिन्यांची चौकशी होते; विवाहनोंदणीचा दाखला मात्र कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः पुढील सारें त्या कागदावर अवलंबून आहे. येथें विवाह करावयाचा तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यासाठीं उभयतांपैकीं एकानें त्या जिल्ह्यांत निदान 30 दिवस राहिलेलें असावें लागतें आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावें लागतें. परदेशांत आपल्या वकिलातींत 1969 च्या कायद्यान्वयें विवाह नोंदवितां येतो.

पर्यटकाचा व्हिसा सहलीपुरता. संसारासाठीं पत्नीनें प्रवेश-व्हिसा, म्हणजे ज्यास एक्स व्हिसा म्हणतात तो, मागावा. तो 180 दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास आल्यापासून 14 दिवसांत परकीय-नोंदणी कार्यालयांत नोंद करावी लागते. या व्हिसावर नोकरी करतां येत नाहीं. शिकलेल्या मुलीस ही अट फार जाचते.

विवाह नोंदलेला असून सलग दोन वर्षें टिकला, म्हणजे ओसीआय कार्डासाठीं अर्ज करतां येतो. मात्र स्वतः अर्जदार, आईबाप वा आजे पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असल्यास तें मिळत नाहीं. हें कार्ड हातीं आलें कीं वारंवार व्हिसा नको, परकीय-नोंदणी नको, नोकरीहि करतां येते. मतदानाचा हक्क मात्र नाहीं. आणि न्यायालयानें घटस्फोट दिला तर तें कार्ड सरकार रद्द करूं शकतें! आपला देश सोडून आलेल्या स्त्रीचें येथील वास्तव्यच अशा रीतीनें पतीच्या मर्जीशीं बांधलें जातें, हें मला खटकतें.

सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीनें नागरिकत्व मागतां येतें; त्यांतलें अर्जापूर्वींचें शेवटचें वर्ष अखंड येथेंच काढलेलें असावें लागतें. असें नागरिकत्व घटस्फोटानें जात नाहीं. परंतु दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नसल्यामुळें माहेरच्या देशाचें पारपत्र सोडावें लागतें. सासरच्या मंडळींनीं त्यासाठीं तिच्यामागें तगादा लावूं नये. तिचे आईबाप तिकडे असतात.

आमच्या तालुक्यांत सुनेच्या नांवें जमीन घेण्याची हौस फार, म्हणून एवढें सांगून ठेवतों: ओसीआय कार्डावर राहतें घर विकत घेतां येतें, शेतजमीन अथवा फार्महाऊस घेतां येत नाहीं. विसार देण्यापूर्वीं हें पाहावें, नंतर नव्हे.