सड्यावरची करवंदी

मे महिन्यांत पानांच्या द्रोणांतून काळींभोर करवंदें दारावर येतात आणि शहरांतील गृहिणी घासाघीस करून तीं घेते. तीं ज्या झुडपावर पिकतात त्याची ओळख मात्र फारशी कोणाला नसते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे समुद्रालगतच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचीं उघडीं पठारें आहेत. त्यांस सडा म्हणतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथें पाऊस अक्षरशः कोसळतो. पण कातळ तो धरून ठेवीत नाहीं. मग उरतो खारा वारा, तापलेला दगड आणि वाळलेलें गवत. करवंदी अशाच जागीं घर करते. तिचीं पानें जाड व चकचकीत असल्यानें पाणी बेतानें खर्च होतें. मुळें कातळाच्या भेगांत शिरतात. कांटे जोडीनें येतात, आणि कधीं कधीं त्यांनाही फांटे फुटतात. फांदी मोडतांच पांढरा चीक येतो, कारण कण्हेर व रुई हीं तिच्याच कुळांतलीं. गुरें सहसा तिच्या वाटेस जात नाहींत.

चैत्राच्या सुमारास जाळी पांढऱ्या, सुगंधी फुलांनीं भरून जाते. पांच पाकळ्यांचें तें लहानसें फूल पाहून जाईची आठवण व्हावी. १७६७ सालीं लिनिअसनें या जातीला शास्त्रीय नांव देतांना देशी नांवच लॅटिन वळणानें घेतलें, हें त्यानें बरें केलें.

कच्च्या करवंदाचें लोणचें होतें. पेक्टिन भरपूर असल्यामुळें जेली उत्तम जमते. केकवरची तांबडी ‘चेरी’ म्हणजे पुष्कळदां साखरेंत मुरवून रंगविलेलें करवंदच असतें! मुलांना मात्र वेगळीच उत्सुकता. फळ चावून आंत पाहावयाचें; तांबडें निघालें तर कोंबडा, पांढरें निघालें तर कोंबडी.

परंतु जाळीचें मोठें काम फळापलीकडचें आहे. तिच्या बुडाशीं पालापाचोळा अडतो, माती सांचते. बुलबुलांनीं टाकलेलें दुसऱ्या झाडाचें बीं तेथें रुजलें, तर कांट्यांच्या आडोशानें तें रोप गुरांच्या तोंडीं न जातां वाढतें. उघड्या कातळावर झाडी येते ती बहुधा अशी, जाळीच्या आश्रयानें.

अशा जमिनीला सरकारी भाषेंत ‘पडीक’ म्हणतात. १९९० सालीं महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना सुरू केली आणि कोंकणांत आंबा-काजूच्या बागा झपाट्यानें वाढल्या. आंब्यानें कोंकणाला पैसा दिला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र बागेसाठीं यंत्र सड्यावर चढलें कीं प्रथम जाळी जाते, आणि तिचा मोबदला कोणत्याही हिशेबांत धरला जात नाहीं. करवंदें विकणाऱ्या बाईच्या नांवावर सडा नसतो. तिची फक्त तोडणीची वहिवाट असते. बागेला कुंपण पडलें कीं तीही संपते.

खरें पाहतां बागेच्या कडेला करवंदीचें जिवंत कुंपण राखतां येतें. नवी लावावयाची तर बीं ताजेंच पेरावें लागतें. सांठविलेलें लवकर निकामी होतें. मे-जूनमध्यें खाल्लेल्या करवंदांचें बीं धुऊन पहिल्या पावसाबरोबर बांधावर टाकावें. पहिलीं एक-दोन वर्षें रोप सावकाश वाढतें, तेवढीं मात्र तें जपावें लागतें.