ध्यानाची बैठक



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव पाहून पुष्कळांना वाटले असेल की हा गृहस्थ बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार. बैठक हा शब्द माझ्या धंद्यातलाच आहे. मालकांशी बैठक, कामगार आयुक्तांकडे बैठक, यातच माझी तीस वर्षे गेली. आज मात्र मला जमिनीवरच्या बैठकीविषयी बोलावयाचे आहे. ध्यान करावयाचे तर बसावे कसे, एवढाच विषय. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा संस्कृत ग्रंथांतले जे सांगेन ते मराठी भाषांतरांच्या आधाराने, हे पंडितांनी ध्यानात घ्यावे.

हा विषय माझ्याकडे आला तो एका यंत्रमाग कामगारामुळे. उभा जन्म त्याने मागापुढे उभे राहून काढला. निवृत्त झाल्यावर रात्रीची झोप उडाली, म्हणून कोणी त्याला ध्यानवर्गाला नेले. तेथल्या शिक्षकांनी बजावले, आधी पद्मासन साधून या. बिचाऱ्याने दोन महिने गुडघ्यावर जोर दिला आणि गुडघा सुजवून घेतला. मला म्हणाला, "दादा, ते आपल्यासारख्याचं काम न्हवं." हे वाक्य मला झोंबले. देवळाच्या पायरीवरून माणसाला परत लावण्याचे प्रकार आपण कायद्याने बंद केले. आता काय मांडीच्या घडीवरून परत लावणार?

म्हणून शास्त्र काय म्हणते ते पाहू लागलो. पतंजलींची सूत्रे दोनशेच्या आत-बाहेर; त्यांत आसनासाठी त्यांनी तीनच खर्ची घातली आहेत. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, आणि ते साधते प्रयत्न सैल केल्याने. एवढेच. पद्मासनाचे नावही सूत्रात नाही. ते येते व्यासभाष्यात, आणि तेथेही इतर आसनांच्या रांगेत. त्या रांगेत सोपाश्रय नावाचे एक आसन आहे, म्हणजे आधार घेऊन बसणे. टीकाकार वाचस्पतिमिश्र सांगतात की हा आधार योगपट्टाचा, म्हणजे कापडी पट्ट्याचा. भाष्यकाराने यादीच्या शेवटी, ज्याला जसे सुख होईल तसे, अशी मुभाही ठेवली आहे. हंपीचा प्रचंड नृसिंह आपण पाहिला असेल. कृष्णदेवरायाच्या कारकीर्दीत, १५२८ साली तो घडवला. त्याच्या गुडघ्यांना असाच पट्टा आहे. आपल्या खेड्यात चावडीवर म्हातारी माणसे पंचा कमरेमागून गुडघ्यांभोवती आवळून तासन्‌तास बसत, ती हीच युक्ती. देवाला पट्टा चालतो आणि माग चालवणाऱ्याला चालत नाही, असे कोणी म्हणू नये.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात बसण्याचे कारण दिले आहे, ते मला फार पटले. चालताना चित्त विखुरते. निजलेल्याला अवचित झोप घेरते. आणि उभ्या माणसाचे मन शरीर सावरण्यात गुंतलेले राहते, त्याला सूक्ष्माकडे पाहण्याची सवड नसते. आता हेच कारण पुढे चालवा. ज्याचा गुडघा ठणकतो आहे त्याचेही मन शरीर सावरण्यातच गुंतलेले असते. मग तो पद्मासनात बसला काय आणि मागापुढे उभा राहिला काय, दोन्ही सारखेच! बौद्ध परंपरा तर याहून मोकळी आहे. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही स्थितींत जागे राहण्यास सांगितले आहे.

आता शरीराचे यंत्र पाहू. बसल्यावर भार येतो तो कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर. मांडीचा खुबा मोकळा असेल तर गुडघे आपोआप खाली येतात आणि कणा त्या दोन हाडांवर सरळ उभा राहतो. खुबा आखडलेला असेल तर गुडघे वर, कंबर मागे कललेली आणि पाठ कमानीसारखी. मग पाठीचे स्नायू सारा वेळ ओझे ओढत राहतात. अशा वेळी पाय जोराने वळवला, तर खुब्याने न घेतलेला पीळ गुडघ्याला घ्यावा लागतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा. पीळ सोसणे त्याचे काम नव्हे, आतली कूर्चा दुखावते. उपाय साधा आहे. घोंगडीची घडी करून कुल्ल्यांखाली घ्या, गुडघे खुब्यांच्या खाली येईपर्यंत उंची वाढवा. कोणाला चार बोटे पुरतील, कोणाला वीतभर लागेल. हात लोंबकळून खांदे ओढले जात असतील तर मांडीवर टॉवेलची घडी ठेवून त्यावर हात ठेवा.

पण घडी सर्वांना सारखी नव्हे, कारण धंदा शरीराला आपापला आकार देतो. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर खाली बसते. तिला मांडी घालणे शिकवायला नको, पण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, म्हणून मान वर करायला फुरसत नसते. तिने भिंतीला कंबर टेकून बसावे, मान मोकळी होऊ द्यावी. ओझी वाहणाऱ्या माथाडीचा कणा रोज दाबला जातो. त्याने प्रथम दहा मिनिटे उताणे पडावे, मग बसावे. कारकुनांचे आणि संगणकावर काम करणाऱ्या मुलांचे खुबे खुर्चीने आखडलेले असतात, त्यांना उंच घडी हवी.

खुर्चीवर बसून ध्यान म्हणजे कमीपणा, असे मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी वेरूळचे दहावे लेणे पाहावे. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, हे नाव मला विशेष प्रिय. तेथील बुद्ध दोन्ही पाय खाली सोडून आसनावर बसलेला आहे. तो उपदेश करतो आहे, ध्यानात नाही, हे खरे. पण पाय सोडल्याने त्याच्या शांतीत उणे पडलेले दिसत नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातही ज्यांना गरज असेल त्यांना खुर्ची मिळते.

पायाला मुंग्या येणे आणि गुडघ्यात कळ येणे यांत मात्र भेद करावा. मुंग्या बहुधा शीर दबल्याने येतात. पाय सोडवला की जातात, फक्त बधिर पायावर एकदम उभे राहू नये, माणूस पडतो. गुडघ्यातली तीक्ष्ण कळ ही नोटीस समजावी आणि तत्काळ उठावे. आमच्या कचेरीत सायंकाळी आम्ही वीस मिनिटे बसतो. कोणी घोंगडीवर, कोणी बाकावर, दोघे पंचा बांधून. बाक उंच आहे, म्हणून बुटक्या मंडळींच्या पायांखाली पाट दिला आहे. आपणही आता ज्या खुर्च्यांवर बसला आहात, तेथे तळवे जमिनीला पुरते टेकतात की नाही, तेवढे पाहून घ्यावे.