कुलूप लावलेला फोन काय काय सांगतो?



हल्ली बचत गटाच्या बैठकीत बऱ्याच जणींच्या हातात स्मार्टफोन दिसतो. त्याला नंबरचं किंवा बोटाच्या ठशाचं कुलूपही असतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण आज घरी गेल्यावर एक करून बघा. फोन लॉक करून ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून त्यावर मेसेज पाठवा. पडदा उजळेल, आणि बऱ्याच फोनवर कुलूप न काढताच तो मेसेज वाचता येईल.

म्हणजे दार बंद आहे, पण खिडकी सताड उघडी आहे.

आता या खिडकीतून काय दिसतं? दवाखान्याचा निरोप, खात्यात जमा झालेले पैसे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओटीपी. आपल्याकडे कितीतरी जणी फोनच्या कव्हरमागे एटीएम कार्ड ठेवतात. असा फोन आठवडी बाजारात किंवा एसटीत हरवला तर? कार्डावरचे नंबर चोराच्या हातात आणि ओटीपी पडद्यावर. खरेदी करायला त्याला कुलूप उघडावंच लागत नाही.

दुसरी वाट सिमकार्डाची. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, की तुमचे ओटीपी तिकडे जातात. फोनचं कुलूप सिमला लागू होत नाही.

कधी कधी कुलूपच सदोष निघतं. २०२२ साली डेव्हिड शुट्झ या संशोधकाला गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये असा दोष सापडला. लॉक असलेल्या फोनमध्ये त्याने स्वतःचं सिम घातलं, सिमचा पिन मुद्दाम तीनदा चुकवला, मग त्याच सिमचा पीयूके नंबर टाकून नवा पिन ठेवला. आणि फोन उघडला! मालकाचा नंबर नको, ठसा नको. गूगलने त्याला ७० हजार डॉलर बक्षीस दिलं आणि नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये तो दोष दुरुस्त केला. पण ज्यांनी ते अपडेट घेतलं नाही, त्यांच्या फोनला ती दुरुस्ती मिळाली नाही. म्हणून फोन अपडेट मागतो तेव्हा ‘नंतर’ म्हणून पुढे ढकलू नका. ग्रामपंचायतीचं नाहीतर मुलाच्या कॉलेजचं वायफाय असेल तिथे ते करून घ्या.

आता करायच्या गोष्टी सांगते.

पहिली, सेटिंगमध्ये नोटिफिकेशन किंवा लॉक स्क्रीन असा भाग असतो. तिथे लॉक असताना मजकूर लपवण्याचा पर्याय निवडा. मग मेसेज आल्याचं कळेल, आतलं दिसणार नाही.

दुसरी, सिमला पिन लावा. सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ असं शोधा. सुरुवातीचा पिन सिम कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि आठ अंकी पीयूके लागतो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बंद होतं. नवा पिन लक्षात ठेवा.

तिसरी, एटीएम कार्ड आणि पिन लिहिलेली चिठ्ठी कव्हरमधून आजच काढा.

चौथी, स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल करा. १५ अंकी आयएमईआय नंबर दिसेल. तो घरातल्या वहीत लिहून ठेवा.

फोन हरवलाच तर आधी सिम बंद करून घ्या आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या. ती जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबरने फोनही बंद करता येतो.

अध्यक्ष आणि सचिव ताईंना एक जास्तीचं सांगणं. तुमच्या फोनमध्ये गटातल्या सगळ्या जणींच्या आधारकार्डाचे, पासबुकाचे फोटो असतात. एखादीने घरातलं दुःख रात्री मेसेज करून तुम्हालाच कळवलेलं असतं. तो मेसेज ओट्यावर पडलेल्या फोनवर सासरच्या कुणी वाचला, तर त्रास तिला होतो. काम झालं की कागदांचे फोटो काढून टाका. मेसेज लपवून ठेवा.

काही जणी म्हणतात, “घरात लपवायचं कशाला? लोक संशय घेतील.” बायांनो, आपण पोस्टाचं पाकीट चिकटवूनच पाठवत होतो ना? तेव्हा कुणी संशय घेतला नाही. आपला निरोप आपणच आधी वाचावा, यात गैर काही नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हजेरी आणि बचत झाली की दहा मिनिटं यासाठी ठेवा. जिला जमतं तिने शेजारणीला दाखवावं, पण बटण जिचं तिलाच दाबू द्यावं. पुढच्या वेळी तिला कुणाला विचारावं लागणार नाही.